रिकामं रॉकेट कुठे पडणार, हे आधी का सांगता येत नाही?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. पावणेआठच्या सुमारास जळगाव, बुलढाणा, अकोला, नागपूर, चंद्रपूर या सगळ्या पट्ट्यात लोकांनी आकाशातून जळत जाणाऱ्या ठिणग्यांची एक रांग पाहिली. मध्य प्रदेशातही ती दिसली. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं सापडलं. पुढच्या काही दिवसांत आसपासच्या शिवारांत फुटबॉलपेक्षा बरेच मोठे, वरून धाग्यांचं वेष्टण असलेले गोळे मिळाले. उल्का, विमान, क्षेपणास्त्र असे सगळे तर्क लढवून झाले. उपग्रहांच्या कक्षांच्या नोंदी ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांचं म्हणणं मात्र वेगळं होतं. फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चिनी चांग झेंग ३बी रॉकेटचा हा तिसरा टप्पा असावा, तो तासाभरात पडणं अपेक्षितच होतं आणि त्याचा मार्गही जुळतो, असं त्यांनी सांगितलं.

म्हणजे टप्पा यादीत होता, त्याच्यावर लक्ष होतं, तो त्या सुमारास पडणार हेही ठाऊक होतं. तरीही लाडबोरीला आधी कुणी कळवलं नाही, कारण कळवण्यासारखं ठिकाण कुणाकडेच नव्हतं. हे असं का होतं, ते या लेखात पाहू.

मार्ग माहीत, वेळ माहीत नाही

पृथ्वीपासून दीडशे-दोनशे किलोमीटरवर फिरणारी वस्तू सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर वेगाने जाते आणि साधारण ८८ मिनिटांत एक फेरी पुरी करते. तिची कक्षा अवकाशात बऱ्यापैकी स्थिर असते. खाली पृथ्वी पूर्वेकडे फिरत असल्यामुळे प्रत्येक फेरीत तिचा जमिनीवरचा मार्ग सुमारे २२ अंश पश्चिमेला सरकतो. विषुववृत्तावर हे अंतर जवळजवळ २,४५० किलोमीटर भरतं. हा मार्ग काही दिवस आधीसुद्धा चांगल्या अचूकतेने काढता येतो. या मार्गावर वस्तू नेमकी कोणत्या क्षणी खाली येणार, ते मात्र सांगता येत नाही. रेल्वेचे रूळ नकाशावर स्पष्ट आहेत, पण गाडी वाटेत कुठे बंद पडणार ते ठाऊक नाही, तशातला हा प्रकार.

आता वेळेतल्या चुकीचं अंतरात रूपांतर करून पाहा. एका मिनिटाची चूक म्हणजे साधारण ४५० किलोमीटर, म्हणजे कोल्हापूर ऐवजी थेट खानदेश. दहा मिनिटांची चूक म्हणजे साडेचार हजार किलोमीटर. एका तासाची चूक झाली की पृथ्वीच्या घेराचा दोन-तृतीयांश भाग संशयाखाली येतो.

या क्षेत्रात वापरला जाणारा ढोबळ नियम असा: अंदाज वर्तवला त्या क्षणापासून पडेपर्यंत जितका वेळ उरला असेल, त्याच्या साधारण २० टक्के इतकी चूक दोन्ही बाजूंनी धरायची. २४ तास आधीच्या अंदाजात जवळजवळ पाच तास अलीकडे आणि पाच तास पलीकडे, म्हणजे सहा-साडेसहा फेऱ्या. सहा तास आधी सव्वा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे दीड फेरी. दोन तास आधीसुद्धा २४ मिनिटं अलीकडे-पलीकडे, म्हणजे दोन्ही दिशांना मिळून वीस हजार किलोमीटरहून लांब पट्टा. चोवीस तास आधी वाहिन्यांवर जगाच्या नकाशात एक लाल ठिपका दाखवतात, त्याला काडीचाही अर्थ नसतो. तो ठिपका म्हणजे अंदाजित वेळेच्या ऐन मध्यावर वस्तू जिथे असेल ती जागा. वेळेच्या पट्ट्याचा मध्य पुढच्या अंदाजात अर्धा तास सरकला, की अटलांटिकमधला ठिपका हिंदी महासागरात जातो, आणि बातमी होते की ‘रॉकेटची दिशा बदलली’. दिशा कुठेही बदललेली नसते.

टप्पा कक्षेत राहतो तरी का?

रॉकेटचे सगळेच टप्पे कक्षेत जात नाहीत. पहिला आणि काही रॉकेटांत दुसरा टप्पा उड्डाणानंतर काही मिनिटांत, आधीच जाहीर केलेल्या भागात, बहुधा समुद्रात पडतो. विमानं आणि जहाजांना त्याची सूचना आगाऊ दिलेली असते. उपग्रहाला शेवटचा धक्का देणारा वरचा टप्पा मात्र उपग्रहाइतकाच वेग घेतो आणि त्याच्याबरोबर कक्षेत राहतो. इंधन संपलेलं, बॅटरी काही तासांत मरते, पुढे तो नुसता धातूचा नळकांडा.

चांग झेंग ५बी हा याला अपवाद, आणि म्हणूनच तो गाजला. त्या रचनेत सुमारे ३० मीटर लांब, पाच मीटर व्यासाचा आणि वीसेक टन वजनाचा मुख्य टप्पाच कक्षेत पोहोचायचा, आणि त्याचं इंजिन पुन्हा पेटवून त्याला खाली आणायची सोय नव्हती. २०२० च्या मे महिन्यात एका टप्प्याचे तुकडे आयव्हरी कोस्टमध्ये पडले. ९ मे २०२१ रोजी दुसरा टप्पा मालदीवजवळ हिंदी महासागरात गेला. ४ नोव्हेंबर २०२२ ला चौथा टप्पा पडायच्या आधी स्पेनने आपल्या हवाई हद्दीचा एक पट्टा सुमारे ४० मिनिटं बंद ठेवला आणि शेकडो विमानांचं वेळापत्रक कोलमडलं. टप्पा शेवटी प्रशांत महासागरात पडला. मात्र पट्टा बंद करताना हातात असलेल्या माहितीवर तो निर्णय चुकीचा होता असं म्हणता येणार नाही. त्या क्षणी मार्ग स्पेनवरून जात होता आणि वेळेचा पट्टा त्याला झाकत होता.

दोन ओळींत मावणारी कक्षा

कक्षांची बहुतांश माहिती अमेरिकेच्या रडारांच्या आणि दुर्बिणींच्या जाळ्यातून येते. ती ‘टीएलई’ नावाच्या, दोन ओळींत मावणाऱ्या ठरावीक आकडेवारीत प्रसिद्ध होते. स्पेस-ट्रॅक या संकेतस्थळावर मोफत खातं काढून किंवा सेलेसट्रॅकवरून ती कुणालाही मिळते. आकड्यांची रांग पाहून घाबरायचं कारण नाही, पडण्याच्या दृष्टीने त्यातले पाचच रकाने महत्त्वाचे.

पहिल्या ओळीत वस्तूचा यादीतला क्रमांक असतो. चंद्रयान-३ ज्या रॉकेटने गेलं त्याच्या वरच्या टप्प्याचा क्रमांक होता ५७३२१. त्यानंतर माहिती कोणत्या क्षणाची आहे ते येतं: वर्षाचे शेवटचे दोन अंक, वर्षातला कितवा दिवस आणि त्या दिवसाचा किती भाग सरला ते दशांशात. ही वेळ नेहमी जागतिक वेळ असते. आपल्याकडे बातमी चुकते ती बहुधा इथेच. साडेपाच तास मिळवायचे राहिले, की पावणेचार फेऱ्यांची चूक होते आणि भलत्याच खंडाचं नाव छापून येतं.

दुसऱ्या ओळीत कक्षेचा कल असतो, म्हणजे विषुववृत्ताशी कक्षेने केलेला कोन. वस्तू कोणत्या अक्षांशांच्या पलीकडे कधीच जाणार नाही, हे एवढ्या एका आकड्यावरून कळतं. कल २८ अंश असेल तर २८ उत्तर ते २८ दक्षिण हा पट्टा सोडून बाकी जगाने निर्धास्त झोपावं. पट्ट्याच्या आतही धोका सारखा वाटलेला नसतो. वस्तू वर-खाली वळते त्या टोकांच्या अक्षांशांजवळ जास्त वेळ रेंगाळते, विषुववृत्त मात्र झटकन ओलांडते. चीनचं शिचांग प्रक्षेपण केंद्र साधारण २८ अंश उत्तरेला आहे, आणि तिथून पूर्वेकडे सोडलेल्या रॉकेटच्या टप्प्यांचा कल त्याच्याच आसपास राहतो. भारताचा मोठा भाग अशा पट्ट्यात येतो. १६ अंशांहून जास्त कल असलेला प्रत्येक टप्पा कधी ना कधी महाराष्ट्राच्या कुठल्या तरी भागावरून जातोच.

त्याच ओळीच्या शेवटी दिवसातल्या फेऱ्यांची संख्या असते. २०० किलोमीटर उंचीच्या गोल कक्षेत ती १६.२७ च्या आसपास, १५० किलोमीटरवर १६.४५ च्या आसपास. कक्षा गोल असताना हा आकडा १६.४ च्या पुढे सरकला, की उरलेला वेळ तासांत मोजायचा.

पाचवा रकाना पहिल्या ओळीत असतो: फेऱ्यांची संख्या रोज कितीने वाढते त्याच्या निम्मा आकडा. यातून घरबसल्या अंदाज बांधता येतो. समजा, गोल कक्षेतला टप्पा २०० किलोमीटरवर आहे, दिवसाला १६.२७ फेऱ्या मारतो आणि हा रकाना ०.०१ दाखवतो. म्हणजे फेऱ्या रोज ०.०२ ने वाढताहेत. पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर ६,५७८ किलोमीटर. त्याला दोन-तृतीयांशाने गुणा, मग ०.०२ ने गुणा आणि १६.२७ ने भागा: टप्पा रोज सुमारे ५.४ किलोमीटर खाली येतो आहे. या उंचीवर साधारण प्रत्येक ३७ किलोमीटरला हवेची घनता २.७ पट बदलते. या ३७ ला ५.४ ने भागलं की सहा-सात दिवस येतात. रोज साडेपाच किलोमीटर म्हणजे २०० किलोमीटर उतरायला महिना लागेल, असा हिशेब करू नका. खाली हवा झपाट्याने दाट होत जाते, त्यामुळे शेवटचे शंभर किलोमीटर टप्पा काही मिनिटांत उतरतो. आणि या सहा-सात दिवसांनाही वीस टक्के चूक धरायची, म्हणजे सव्वा दिवस अलीकडे-पलीकडे.

‘बी-स्टार’ नावाचा आणखी एक रकाना हवेच्या रोधाचा म्हणून ओळखला जातो. त्यावर फार विसंबू नका. कक्षेच्या गणितात न बसलेल्या सगळ्या चुका तो पोटात घेतो आणि शेवटच्या दिवसांत उड्या मारतो.

चूक नेमकी कुठून येते?

गणित करायला तीन गोष्टी लागतात: वस्तू कुठे आहे, हवा किती दाट आहे, आणि वस्तू त्या हवेला किती आडवी येते. पहिली बऱ्यापैकी कळते. उरलेल्या दोन डोकेदुखीच्या.

दीडशे-दोनशे किलोमीटरवरची हवा सूर्याच्या मर्जीने चालते. सूर्याचे अतिनील किरण वाढले की वरचं वातावरण तापतं, फुगतं, आणि त्याच उंचीवर घनता वाढते. हे मोजायला सूर्याकडून येणाऱ्या १०.७ सेंटीमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींचा आकडा वापरतात. शांत काळात तो सत्तरीच्या आसपास असतो, सूर्य खवळलेला असताना दोनशेच्या वर जातो. भूचुंबकीय वादळ आलं तर काही तासांतच चित्र पालटतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्सने ४९ स्टारलिंक उपग्रह सुमारे २१० किलोमीटरच्या खालच्या कक्षेत सोडले, दुसऱ्याच दिवशी मध्यम ताकदीचं वादळ आलं, हवेचा रोध आधीच्या प्रक्षेपणांच्या मानाने ५० टक्क्यांपर्यंत वाढला, आणि त्यांपैकी चाळीसएक उपग्रह गेले. पडणाऱ्या टप्प्याच्या बाबतीत चार दिवसांनंतरची घनता काढायची म्हणजे चार दिवसांनंतरचा सूर्य सांगायचा. ते कुणालाच नेमकं जमत नाही. सूर्य शांत असतानाही हवेच्या प्रतिमानांत दहा-पंधरा टक्क्यांची चूक नेहमीचीच.

तिसरी गोष्ट आकाराची. रिकामा टप्पा लांब नळकांडं असतो आणि बहुधा कोलांट्या खात असतो. चांग झेंग ५बी चा मुख्य टप्पा घ्या: आडवा असेल तर समोरच्या हवेला दीडशे चौरस मीटर क्षेत्र दिसतं, टोकावर असेल तर फक्त वीस. साडेसातपट फरक! तो सारखा फिरत असेल तर सरासरी चालते, आणि मागच्या काही दिवसांत कक्षा किती घसरली त्यावरून ही सरासरी काढताही येते. पण खाली दाट हवेत आल्यावर फिरण्याची पद्धत बदलू शकते. काही टप्पे जड इंजिन पुढे करून स्थिरावतात. मग गणितातली सरासरी अचानक खोटी ठरते. आत थोडं इंधन उरलं असेल तर वजनाचा अंदाजही चुकतो. म्हणूनच काम संपल्यावर उरलेलं इंधन आणि दाब सोडून टप्पा निष्प्रभ करतात, अर्थात त्याचं मोठं कारण वेगळं आहे: अशा टाक्या कक्षेत फुटून शेकडो तुकडे होऊ नयेत.

लांबट कक्षेचा वेगळा घोळ

चंद्रपूरचा टप्पा भूस्थिर उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचा होता. असे टप्पे लांबट कक्षेत सुटतात: पृथ्वीच्या जवळचा बिंदू दोनेकशे किलोमीटरवर, दूरचा ३६ हजारांच्या आसपास. एका फेरीला साडेदहा तास लागतात आणि हवा लागते ती फक्त जवळून जाताना, काही मिनिटं. प्रत्येक वेळी थोडा वेग कमी होतो आणि त्याचा परिणाम उलट्या बाजूला दिसतो: दूरचा बिंदू खाली येतो. असं महिनोन्‌महिने चालतं, कक्षा आखूड होत होत जवळजवळ गोल होते, आणि मग वर सांगितलेलं गणित लागू पडतं.

शिवाय एवढ्या दूर जाणाऱ्या टप्प्याला सूर्य आणि चंद्र ओढतात, त्यामुळे जवळचा बिंदू काही किलोमीटर वर-खाली होत राहतो. वर गेला तर आयुष्य वाढतं, खाली आला तर टप्पा वेळेआधीच संपतो. उड्डाणाची वेळ काही तासांनी बदलली तरी हे आयुष्य बदलू शकतं. चंद्रयान-३ च्या टप्प्याची कक्षा १३३ गुणिले ३५,८२३ किलोमीटर होती. जवळचा बिंदू इतका खाली, की १४ जुलै २०२३ ला उडालेला टप्पा १५ नोव्हेंबरला, १२४ दिवसांत खाली आला. इस्रोच्या अंदाजानुसार तो दुपारी २ वाजून ४२ मिनिटांनी उत्तर प्रशांत महासागराच्या बाजूला वातावरणात शिरला आणि त्याचा शेवटचा मार्ग भारतावरून गेला नाही. चंद्रपूरच्या टप्प्याला चौदा महिने लागले.

शेवटचे तास

अमेरिकी यंत्रणा मोठ्या वस्तूंसाठी ‘टिप’ संदेश काढते: साधारण चार, तीन, दोन आणि एक दिवस आधी, मग बारा, सहा आणि दोन तास आधी. युरोपीय अवकाश संस्थेचं डार्मस्टाट इथलं कार्यालय आणि अमेरिकेतलं एरोस्पेस कॉर्पोरेशन आपापले अंदाज देतात. वेगवेगळ्या देशांच्या अवकाश संस्था एकत्र येऊन सरावासाठी दरवर्षी एखादी पडणारी वस्तू निवडतात आणि आकडे ताडून पाहतात. इस्रोही त्यात असते. श्रीहरिकोट्याला इस्रोचं बहुलक्ष्यी रडार आहे. ते ८०० किलोमीटरवरची ३० सेंटीमीटर लांबी-रुंदीची वस्तू पकडू शकतं आणि एका वेळी दहा वस्तूंचा माग ठेवू शकतं. जुलै २०२२ पासून बंगळुरूत आयएस४ओएम हे केंद्र याच कामासाठी आहे.

इतकं सगळं असूनही शेवटच्या दोन फेऱ्यांत हात बांधलेले असतात. रडार जमिनीवर आहेत आणि मार्गाचा बहुतेक भाग समुद्रावरून जातो. खाली आलेली वस्तू एका रडारच्या नजरेत जेमतेम काही मिनिटं राहते. १० मे २०२५ ला कॉसमॉस ४८२ हे जुनं सोव्हिएत यान पडलं, तेव्हा जर्मनीच्या रडारला ते जागतिक वेळेनुसार ६ वाजून ४ मिनिटांनी दिसलं. ७ वाजून ३२ मिनिटांनी ते पुन्हा दिसायला हवं होतं, दिसलं नाही. म्हणजे मधल्या दीड तासात कधीतरी ते संपलं. बरेचदा ‘पडल्याची वेळ’ ही अशी, न दिसण्यातून काढलेली असते.

एका आकड्याकडे मात्र जरूर लक्ष द्या. पडून गेल्यावर निघालेल्या शेवटच्या टिप संदेशात चुकीची मर्यादा ‘एक मिनिट’ दिसली, तर ते गणित नव्हे, बहुधा प्रत्यक्ष निरीक्षण असतं. क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणाऱ्या अवरक्त उपग्रहांना जळणाऱ्या टप्प्याचा झोत दिसतो. ते उपग्रह नेमकं काय पाहतात हे लष्कर सांगत नाही, मिळालेली वेळ तेवढी देतं.

काय जळतं, काय खाली येतं

साधारण १२० किलोमीटरपासून हवेची पकड जाणवू लागते आणि ८० किलोमीटरच्या आसपास सांगाडा तुटतो. मोठ्या वस्तूंच्या बाबतीत वजनाच्या २० ते ४० टक्के भाग जमिनीपर्यंत पोहोचू शकतो. वितळण्याचा बिंदू आणि आकार या दोन्हींवर ते ठरतं. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, त्यामुळे टाक्यांचे पातळ पत्रे बहुधा संपून जातात. पोलाद १,४०० अंशांच्या पुढे आणि टायटॅनियम १,६६८ अंशांना. इंजिनाचे कक्ष, पोलादी टाक्या, जोडणीची जाड कडी आणि दाबाखालचा वायू साठवणारे गोळे टिकतात. या गोळ्यांच्या आत धातूचं अस्तर आणि बाहेर कार्बन धाग्याचं वेष्टण असतं. वेष्टण थरथराने जळत आतल्या धातूला वाचवतं. शिवाय गोळा आकाराच्या मानाने हलका, त्यामुळे वर विरळ हवेतच त्याचा वेग कमी होतो आणि तो फार तापत नाही. म्हणूनच सिंदेवाहीपासून अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यापर्यंत (मार्च २०२१) आणि पोलंडमधल्या पोझनानपर्यंत (१९ फेब्रुवारी २०२५) असे गोळे सापडतात. शेवटच्या दोन घटनांत टप्पा फाल्कन ९ चा होता. रॉकेट कुणाचं यावर धातूचा स्वभाव बदलत नाही: पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर जुलै २०२३ मध्ये सापडलेला मोठा दंडगोल पीएसएलव्हीच्या तिसऱ्या टप्प्याचा असल्याचं तिथल्या अवकाश संस्थेने सांगितलं. तो कक्षेतून आलेला नव्हता, उड्डाणाच्या वेळी समुद्रात पडलेला होता.

तुकडे एका जागी पडत नाहीत. मार्गाच्या दिशेने शेकडो, कधी हजारभर किलोमीटर लांब आणि त्या मानाने खूपच अरुंद असा पट्टा बनतो. हलके आणि पसरट तुकडे आधीच रोखले जातात आणि पट्ट्याच्या सुरुवातीला पडतात, जड आणि भरीव तुकडे पुढे जातात. २२ जानेवारी १९९७ ला डेल्टा २ रॉकेटचा दुसरा टप्पा अमेरिकेवर पडला तेव्हा हे नमुनेदार दिसलं. ओक्लाहोमातल्या टल्सा इथे एका बाईच्या खांद्याला हलका, जळका तुकडा चाटून गेला, तिला इजा झाली नाही. अडीचशे किलोची पोलादी टाकी तिथून सुमारे सहाशे किलोमीटर दक्षिणेला टेक्सासमध्ये, जॉर्जटाऊनजवळ एका शेतात आदळली. कक्षेतून पडलेल्या रॉकेटचा तुकडा लागल्याची नोंद असलेली ती बहुधा एकमेव व्यक्ती.

म्हणजे एखाद्या माणसाला धोका नगण्यच. पण संस्थांनी ठरवलेली मर्यादा एका माणसापुरती नसते. एका टप्प्यामुळे जगात कुठेही कुणालाही इजा होण्याची शक्यता दहा हजारांत एकपेक्षा कमी हवी, असा दंडक बहुतेक ठिकाणी आहे. वीस टनी टप्पा मोकळा सोडला की हा दंडक मोडतो. उपाय माहीत आहे: थोडं इंधन राखून ठेवायचं, काम संपल्यावर इंजिन उलट्या दिशेने पेटवायचं आणि टप्पा दक्षिण प्रशांत महासागराच्या निर्मनुष्य भागात पाडायचा. अडचण पैशाची, कारण राखून ठेवलेला प्रत्येक किलो उपग्रहाच्या वजनातून जातो. मधला मार्गही आहे: निदान कक्षा खाली आणायची. पीएसएलव्ही-सी५८ चा चौथा टप्पा इस्रोने ६५० वरून ३५० किलोमीटरवर आणला, त्यावर प्रयोग चालवले, आणि २१ मार्च २०२४ ला तो उत्तर प्रशांतात पडला. पडण्याची जागा निवडलेली नव्हती, पण कचरा वर्षानुवर्षं वर राहिला नाही.

दिसलं किंवा सापडलं तर

उल्का सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने येते आणि बहुधा दोन-चार सेकंदांत विझते. टप्पा आठ किलोमीटरच्या आतल्या वेगाने, जवळजवळ आडवा जातो. अर्धा-एक मिनिट आरामात दिसतो आणि त्याचे बरेच तुकडे एकामागे एक, समांतर शेपट्या घेऊन चालतात. एवढ्यावरून नव्वद टक्के शंका मिटते. तो कुणाचा, हे ठरवायला फक्त तारीख जुळून भागत नाही. गुढीपाडव्याच्या त्याच संध्याकाळी न्यूझीलंडहून इलेक्ट्रॉन रॉकेट उडालं होतं, त्यामुळे सुरुवातीला त्याचंही नाव पुढे आलं. खात्री होते ती मार्गावरून: यादीतली कोणती वस्तू त्या मिनिटाला, त्या दिशेने, त्या जागेवरून जायला हवी होती?

सापडलेल्या वस्तूला हात लावू नये. काही टप्प्यांच्या लहान टाक्यांत हायड्रॅझिन नावाचं इंधन असतं, ते विषारी आहे आणि त्वचेतूनही शरीरात जातं. तुटलेले कार्बन धागे हातात रुततात, त्यांची धूळ फुप्फुसात जाते. गोळा बंद असेल तर आत दाब असू शकतो. भंगारवाल्याकडे नेऊन कापणं हा सगळ्यांत वाईट पर्याय. पोलीस पाटील, तलाठी किंवा पोलीस ठाण्याला कळवावं. पुढे प्रशासन इस्रोशी संपर्क साधतं, सिंदेवाहीतही तसंच झालं. वस्तू ठेवून घेता येत नाही. १९६७ च्या अवकाश करारानुसार ती पडल्यावरही मूळ देशाच्या मालकीची राहते. नुकसान झालं तर १९७२ च्या करारानुसार प्रक्षेपण करणारा देश भरपाईला बांधील असतो, मग चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. दावा सरकारने सरकारकडे करायचा असतो, शेतकऱ्याने थेट नाही. त्यासाठी पंचनामा आणि पडल्या जागचे फोटो जपून ठेवावेत.

आणि मोबाइलवर चित्रीकरण केलं असेल तर मूळ फाइल ठेवा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या प्रतीत वेळेची नोंद बहुधा उडून जाते. कॅमेरा कुठे उभा होता, झोत कोणत्या दिशेकडून कुठे गेला, चौकटीत पाण्याची टाकी किंवा मोबाइलचा मनोरा यांसारखी ओळखीची खूण आहे का, आणि सेकंदापर्यंत वेळ, एवढं असेल तर दोन गावांतल्या दोन चित्रफितींवरून टप्पा कुठे तुटला आणि तुकडे पुढे कोणत्या तालुक्यांत शोधायचे, ते काढता येतं.